चिली चिकन कोणाचं? कोलकात्याच्या हक्का स्वयंपाकाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे टोरांटोच्या स्कारबरो भागात राहतात. तिथे 'हक्का चायनीज' अशी पाटी असलेल्या हॉटेलात त्यांना थेट दादर-माटुंग्याच्या चवीचं चिली चिकन आणि मांचुरियन मिळालं. ऑफिसातली दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातली सहकारी म्हणाली, हे चिनी जेवणच नव्हे. हॉटेलचे मालक तर चिनी, आपसात हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्या हक्का समाजाची भाषा, बोलणारे. मग हे जेवण कोणाचं? आणि भारतात आलेल्या चिनी लोकांनी आपल्यासाठी स्वतःचं जेवण बिघडवलं का?

मी मुंबईत हॉटेलांच्या चायनीज विभागात वर्षानुवर्षं काम केलं, कोलकात्याहून आलेल्या चिनी उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि आता नव्या मुलांना तेच शिकवतो. त्यामुळे आधी उत्तर देतो, मग कारणं. ते चिली चिकन कोलकात्याच्या हक्का लोकांचं आहे, त्यांच्या आजच्या पिढीच्या घरचं आहे, आणि 'बिघडवलं' हा शब्द मला अजिबात मान्य नाही. तुमची सहकारीही खोटं बोलत नाही, तिच्या गावात हा पदार्थ नाहीच. पण एखादा पदार्थ चिनी आहे की नाही हे फक्त जिभेवर ठरवायला गेलं की घोळ होतो. चव गिऱ्हाइकाकडे बघून बदलते. पदार्थ कुठल्या स्वयंपाकाचा हे ओळखायचं असेल तर काय आधी पडतं, काय नंतर, किती आचेवर आणि किती वेळ, हे बघावं लागतं. त्या बाजूने पाहिलं तर मांचुरियनइतका चिनी पदार्थ मुंबईत क्वचितच मिळेल.

आधी माणसं कोण होती ते पाहू, कारण तिथेच पुढचं बरंचसं ठरलं. कोलकात्याच्या खाली हुगळीच्या काठी बजबजजवळ अछिपूर नावाचं गाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अछ्यू नावाच्या चिनी माणसाने तिथे जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला. गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलं आणि कोलकात्याचे चिनी लोक नववर्षाच्या सुमारास आजही त्याच्या समाधीला जातात. त्याच्यामागून पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत जे आले ते आपापला धंदा घेऊन आले. कॅन्टोनी, म्हणजे ग्वांगडोंगच्या कॅन्टन शहराकडचे लोक गोदीत आणि जहाजांवर सुतारकाम करायचे. हूबेई प्रांतातले लोक दातांचे डॉक्टर झाले. हक्का लोक, त्यातले बरेचसे ग्वांगडोंगमधल्या मेइश्यान भागातले, चपला-बूट आणि कातडी कमावण्यात शिरले. चामड्याला हात लावायला सवर्ण हिंदू तयार नव्हते, म्हणून ती जागा त्यांना मिळाली. तिरेट्टा बाजार ही जुनी वस्ती, आणि शहराच्या पूर्वेला दलदलीच्या कडेला टांगरा ही कातडी कमावणाऱ्यांची.

यादी पुन्हा वाचा. सुतार, चांभार, दंतवैद्य. आचारी कुठे आहेत? परदेशी गेलेल्या चिनी स्वयंपाकाबद्दल बोलताना ही गोष्ट कायम विसरली जाते. घर सोडून निघालेली ही माणसं राजदरबारातले खानसामे नव्हती. त्यांना येत होतं ते घरचं जेवण, आणि सणाच्या पंगतीचं थोडंफार. आचाऱ्याचा धंदा ते नव्या देशात शिकले, तोही तिथल्या गिऱ्हाइकासमोर. त्यामुळे 'मूळ पद्धत सोडली' असं म्हणताना कुठली मूळ पद्धत, हे आधी विचारायला हवं.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ सालचं एक चिनी देऊळ आहे, सी युप कून. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे, वेळ मिळाला तर जरूर बघा. सी युप म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके, आणि एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले बहुसंख्य चिनीही याच चार तालुक्यांतले. म्हणजे एकाच परिसरातली माणसं माझगावच्या गोदीत आली आणि कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवरही गेली. तिकडे त्यांच्या हातून चॉप सुई झालं. इकडे वस्ती लहानच राहिली, आणि मुंबईच्या चायनीजला आजचं रूप आलं ते मुख्यतः पुढे कोलकात्याहून आलेल्या लोकांमुळे.

कोलकात्यातली सुरुवातीची चिनी हॉटेलं आपल्या लोकांसाठी आणि साहेबांसाठी होती. तिथलं जेवण बरंचसं कॅन्टोनी होतं, म्हणजे सौम्य, आल्याचं, सुपाचं. मिरची जवळजवळ नव्हतीच. हक्का घरचं जेवणही तिखट नाही. तुमच्या सहकारीला चिली चिकन परकं वाटलं त्याचं मुख्य कारण हेच. मेइश्यानच्या माणसाला चीन सोडताना तिखटाची सवय नव्हती, ती कोलकात्यात लागली.

मग १९६२ आलं. भारत-चीन युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, त्यात भारतातच जन्मलेलेही होते. काहींना तिथे वर्षानुवर्षं काढावी लागली. जे बाहेर राहिले त्यांच्या हिंडण्या-फिरण्यावर बंधनं आली, कित्येकांचे धंदे बुडाले, आणि पुढच्या काळात हजारो लोक कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. हे मी जेवणाच्या गोष्टीत मुद्दाम सांगतो आहे. गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी चव बदलली असं आपण सहज म्हणतो, पण ज्या समाजावर असा संशय घेतला गेला त्याला गिऱ्हाइकाची किती गरज होती हे लक्षात घ्यायला हवं. नंतर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांगऱ्याचे कातडी कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश दिला, त्यांची नवी जागा बानतल्याला. टांगऱ्यात काही कुटुंबांनी आधीच हॉटेलं काढली होती, आता आणखी कारखान्यांच्या जागी हॉटेलं झाली.

युद्धाचा स्वयंपाकघरावर झालेला परिणाम अगदी सरळ होता. चीनशी व्यापार थांबला, आणि परकीय चलनाच्या नियमांमुळे दुसरीकडून माल आणणंही अवघड. आंबवलेल्या सोयाबीनचे वेगवेगळे मसाले, तांदळाची वाइन, काळं व्हिनेगर, सुकवलेले मश्रूम, लोणच्याची मोहरीची पानं, हे सगळं एक तर मिळेना किंवा परवडेना. मग भिस्त आली ती कोलकात्याच्या चिनी कुटुंबांनी इथेच बनवलेल्या सॉसवर. त्यांच्या कारखान्यांतला हिरव्या मिरचीचा सॉस तर भारतीय चायनीजची ओळखच होऊन बसला. काळ्या व्हिनेगरची जागा पांढऱ्या व्हिनेगरने घेतली. त्याला आंबटपणा आहे, पण तांदळाचा गोडसर वास नाही, म्हणून चिमूटभर साखर आली. वाइन गेली, तिच्या जागी काहीच आलं नाही. मांसाचा उग्र वास मारायचं वाइनचं काम आलं-लसणावर पडलं, म्हणून आलं-लसूण वाढलं. एक वस्तू गेली की तिच्या कामाचं ओझं दुसऱ्या वस्तूवर पडतं. स्थलांतरित स्वयंपाकातले निम्मे बदल अशा रीतीने होतात, आणि ते कोणी चवीसाठी ठरवून केलेले नसतात.

आता मांचुरियन. नेल्सन वांग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे शेफ. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना १९७५ साली त्यांनी हा पदार्थ केला असं सांगतात. गिऱ्हाइकाने काहीतरी वेगळं मागितलं, त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअर लावून तळलेलं चिकन त्यात सोडलं. पुढे त्यांचं चायना गार्डन मुंबईत फार गाजलं. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, त्याच्याशी या पदार्थाचा काही संबंध नाही. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचंय ते कढईत काय घडतं त्याबद्दल.

कॅन्टोनी स्वयंपाकघरातला क्रम असा असतो. भाजी-मांस सगळं आधी चिरून तयार, वोक, म्हणजे चिनी कढई, पेटल्यावर सुरी हातात घ्यायची नाही. मांसाला अंड्याचा पांढरा भाग, कॉर्नफ्लोअरसारखा स्टार्च, मीठ लावून ठेवायचं. मध्यम गरम तेलातून ते काढून घ्यायचं आणि निथळायचं. मग वोक धुराला येईपर्यंत तापवून थोड्या तेलात आलं, लसूण, कांद्याची पात टाकायची. वास सुटला की सॉस, पाठोपाठ स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी. उकळी आली की पाण्यात कालवलेला स्टार्च, आणि रस चकाकला की तळलेलं मांस आत टाकून, दोनदा उडवून, उतरवायचं. शेवटचा सगळा खेळ दोन मिनिटांचा.

मांचुरियनचा क्रम तंतोतंत हाच आहे. आता त्याच्याशेजारी आपलं कोंबडीचं कालवण ठेवा. कांदा-खोबरं भाजायचं, वाटण करायचं, तेल सुटेपर्यंत मसाला परतायचा, मग मांस घालून मंद आचेवर शिजवायचं. रश्शाला दाटपणा येतो तो वाटणातून. मांस रश्श्यातच शिजतं, मसाला आत मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी कालवण जास्त छान लागतं. मांचुरियन दुसऱ्या दिवशी खाऊन बघा, आवरण लिबलिबीत होतं आणि स्टार्च पाणी सोडतो. भारतीय चवीचं नाव घेऊन केलेल्या या पदार्थात हळद नाही, वाटण नाही, फोडणी नाही, तेल सुटणं नाही. वांगांनी आपल्याकडून आलं-लसूण-मिरचीचं त्रिकूट घेतलं, पण ते वापरलं चिनी रीतीने. लसूण वाटली नाही, बारीक चिरली. वाटलेल्या लसणीत पाणी असतं, ती तापलेल्या वोकला चिकटते आणि क्षणात करपून कडू होते. आजही माझ्याकडे कोणी मांचुरियनसाठी मिक्सरमधली पेस्ट घेऊन आलं तर मी ती बाजूला ठेवायला लावतो.

बदललं काय ते आता नेमकं सांगता येतं. पहिलं म्हणजे प्रमाण. चिनी पदार्थात आलं-लसूण तेलाला वास देण्यापुरतं असतं, इथे ते चमच्यात दिसतं, दाताखाली येतं. दुसरं, मांसाचं आवरण जाड झालं, मैदा आला आणि तेल जास्त गरम झालं. तिसरा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो, तो म्हणजे रसाचं माप. चिनी घरात टेबलावर चार-पाच पदार्थ असतात, प्रत्येकात रस जेमतेम, आणि भाताची वाटी वेगळी. आपल्याकडे दोघंजण एक राइस आणि एक ग्रेव्ही मागवतात, मग तो सगळा भात एकाच पदार्थाने ओला करायचा असतो. म्हणून स्टॉक आणि स्टार्च तिप्पट झाला, आणि 'ड्राय की ग्रेव्ही' हा प्रश्न जन्माला आला. या बदलामागे मसाला नाही, आपली भात कालवून जेवायची सवय आहे. मिरचीबद्दल सगळे बोलतात, या सवयीबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

नूडल्सचंही थोडक्यात सांगतो. चिनी नूडल्सच्या पिठात क्षार पडतो, त्याने पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. आपला पापडखार त्याच जातीचा. त्यामुळे इथल्या मैद्यातून तसे नूडल्स काढणं कोलकात्याच्या कारागिरांना जड गेलं नाही. 'हक्का नूडल्स' नावाने मिळतो तो पदार्थ मात्र मेइश्यानमध्ये शोधू नका. विकणारे हक्का होते म्हणून ते नाव.

शेजवानबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. शेजवान म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांताचंच नाव. सिचुआनचा खरा तिखटपणा दोन गोष्टींवर उभा आहे. एक म्हणजे बाकळ्याच्या शेंगांतले दाणे मिरचीबरोबर महिनोन्महिने आंबवून केलेला मसाला, आणि दुसरी म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी. १९७० च्या दशकात मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सिचुआन जेवण आलं तेव्हा या दोन्ही वस्तू बाजारात सहज मिळत नव्हत्या. मग बेडगी किंवा काश्मिरी मिरची भिजवून वाटली, भरपूर तेलात चिरलेल्या लसणीबरोबर परतली, आलं, सेलरी, व्हिनेगर, साखर, थोडा सोया घातला, आणि त्याला शेजवान सॉस म्हटलं. मला तो सॉस आवडतो, मी तो मनापासून शिकवतो. पण सिचुआनशी त्याचं नातं पातळ आहे, आणि हे नातं आपल्याला जास्त घट्ट करता आलं असतं असं मला वाटतं.

कारण सिचुआन मिरीची सख्खी बहीण कोकणात आहे. आपलं तिरफळ आणि सिचुआन मिरी एकाच वनस्पतीकुळातल्या, एकाच प्रजातीच्या (जीनसच्या). दोन्हींत आतलं काळं बी फेकून वरची साल वापरतात, दोन्हींनी जीभ बधिरते. बांगड्याच्या कालवणात आपण तिरफळं किंचित ठेचून टाकतो, तशीच ती गरम तेलात उमलवून गाळली तर सिचुआन तेलाच्या बरीच जवळ जातात. वास वेगळा येतो, जरा लाकडी, संत्र्याच्या सालीसारखा, आणि झिणझिण्या थोड्या कमी. मुंबईच्या चायनीज स्वयंपाकघरांतली नेपाळी मुलं टिमुर ओळखायची, तीही याच प्रजातीतली मिरी. मालवणी आचारी तिरफळ ओळखायचे. तरीही ही वस्तू वोकपर्यंत पोचली नाही. एक कारण मला दिसतं ते असं: मेनू ठरवणारे उस्ताद हक्का किंवा कॅन्टोनी होते आणि त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकातही ही मिरी नव्हतीच. सिचुआन त्यांनाही परकंच. चिनी माणूस म्हणजे सगळ्या चीनचा स्वयंपाकी, हे आपण गृहीत धरतो. मेइश्यान ते सिचुआनची राजधानी चेंगडू हे अंतर हजार किलोमीटरच्याही वर आहे.

शाकाहाराबद्दल एक गैरसमज काढून टाकायचाय. गोबी मांचुरियन, पनीर चिली, जैन फ्राइड राइस यांची नावं घेऊन लोक म्हणतात की इथे चिनी स्वयंपाकाने कणाच सोडला. पण चीनमध्ये बौद्ध मठांचा शाकाहारी स्वयंपाक शेकडो वर्षांचा आहे, आणि त्यात मांस-मासे तर नाहीतच, शिवाय कांदा, लसूण, पात या वर्गातल्या उग्र वासाच्या पाच गोष्टीही वर्ज्य आहेत. गुजराती-मारवाडी गिऱ्हाइकाने बिनकांद्या-लसणाचं मागितलं तेव्हा जुने उस्ताद गोंधळले नाहीत, त्यांना सणावारी असं जेवण करायची सवय होती. जैनांना जमिनीखालचं काहीच चालत नाही, त्यामुळे आलं आणि गाजरही गेलं, एवढी अडचण नवी. पनीर मात्र खरोखर नवं. टोफू तळला तर आतून मऊ राहून रस पितो, पनीर रस पीत नाही. म्हणून पनीर चिलीत सॉस दाट आणि चिकट करावा लागतो, नाहीतर तो ताटलीत खालीच राहतो.

आणि जे खरंच हरवलं ते सांगतो, कारण सगळंच छान झालं असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. स्टॉक हरवला. चिनी स्वयंपाकघराचा पाया म्हणजे कोंबडी, डुकराची हाडं, कधी खारवलेलं डुकराचं मांस घालून तासन्‌तास मंद उकळलेलं पाणी. भारतात हॉटेल सर्वांसाठी चालवायचं तर डुक्कर बाहेर. राहिला कोंबडीच्या हाडांचा स्टॉक. मग शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळं भांडं आलं, त्यात कोबीचे दांडे आणि गाजराची सालं. पुढे जागा आणि गॅस वाचवायला भांडं एकच राहिलं, आणि गाडीवर तर नुसतं पाणी. हे असं पायरीपायरीने घडलं. पाण्यात चव नाही म्हणून अजिनोमोटो वाढला. अजिनोमोटोमागचं तत्त्व जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या स्टॉकमधून शोधून काढलं, तेव्हा स्टॉकच्या जागी तो बसणं समजण्यासारखं आहे. त्याच्याबद्दलची भीती १९६८ सालच्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रापासून पसरली आणि नंतरच्या चाचण्यांतून तिला आधार मिळाला नाही. माझा आक्षेप आरोग्याचा नाही. चिमूटभर अजिनोमोटो चव उचलून धरतो, पण स्टॉकचं अंग, ओठांना लागणारा चिकटपणा तो देऊ शकत नाही. ती उणीव भरायला मग आणखी कॉर्नफ्लोअर, आणखी मिरची, आणखी लाल रंग. तुम्हाला एखादं चायनीज 'बोजड' वाटतं ते बहुतेक वेळा इथून येतं.

महाराष्ट्रातल्या गाड्यांवर मी टीका करणार नाही. चायनीज भेळ आणि ट्रिपल शेजवान राइस हे पदार्थ आपल्या मुलांनी केले, चिनी लोकांनी नाही. तळलेल्या नूडल्सवर कोबी, कांदा, शेजवान घालून हाताने कालवणं ही सरळसरळ भेळवाल्याची रीत आहे. तो वेगळा विषय आणि वेगळा अभिमान.

आता हक्का घरातलं ताट. कोलकात्याच्या उस्तादांचं स्वतःचं जेवण मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. दुपारी तीनच्या पुढे गर्दी ओसरली की ते स्वतःसाठी करायचे: दोऱ्यासारखं चिरलेलं आलं घालून वाफवलेला भेटकी मासा, मोहरीच्या खारवलेल्या पानांवर शिजवलेलं डुकराचं चरबीदार मांस, खिम्याने भरलेला टोफू, लसणीवर परतलेली हिरवी पालेभाजी, आणि पाण्यासारखं नितळ सूप. त्यातलं बहुतेक मेनूकार्डावर नव्हतं. कोणी मागितलंच नसतं. बाहेरचं आणि आतलं अशी दोन स्वयंपाकघरं त्यांनी एकाच वोकवर चालवली. शिवाय आतलंही चीनसारखं शंभर टक्के राहिलं नव्हतं, मासा बंगालचा होता, शेजारी वाटीत हिरवी मिरची असायची, आणि मुलं वरण-भातही तितक्याच आवडीने खायची. तिरेट्टा बाजारात सकाळी लवकर गेलात तर बाव म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, डंपलिंग आणि माशाच्या गोळ्यांचं सूप रस्त्यावर मिळतं. मेनूकार्डाबाहेरच्या त्या जेवणाचा एक तुकडा तिथे दिसतो.

हेच लोक दुसरीकडे गेले तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण मॉरिशस. तिथले बहुतेक चिनी हक्काच, मेइश्यानचेच, आणि शेजारी आपले मराठी गिरमिटियांचे वंशज. पण तिथे हक्का लोकांनी गावोगाव किराणा दुकानं घातली, आणि त्यांचं जेवण रोजच्या शेजाराने पसरलं. म्हणून तिथे चायोट नावाच्या फळभाजीचे वाफवलेले गोळे, परतलेले नूडल्स आणि भातावर अंडं घालून उपडा केलेला वाडगा लोकप्रिय आहे. दाट ग्रेव्हीचं राज्य नाही. पेरूत १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर उसाच्या मळ्यांवर आणि पक्ष्यांच्या विष्ठेच्या खत-खाणींत राबायला नेले गेले. तिथे आज लोमो सालतादो हा देशभर आवडीने खाल्ला जाणारा पदार्थ आहे: गोमांस, कांदा, टोमॅटो सोया सॉसमध्ये वोकवर परतायचं, आणि वर बटाट्याचे तळलेले काप, शेजारी भात. कृती पुन्हा चिनी, सामान पेरूचं. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली, व्यापाऱ्यांना सूट ठेवली, आणि १९१५ नंतर हॉटेलमालकही व्यापाऱ्यात मोडू लागले. त्यानंतर तिथे चिनी हॉटेलांची संख्या वाढली ती कायद्यातल्या त्या फटीमुळेही.

आणि तुमचं टोरांटो. १९६२ नंतर कोलकाता सोडलेल्या हक्का कुटुंबांनी तिथे हॉटेलं काढली तेव्हा त्यांच्याकडे दोन पर्याय होते. शहरात हाँगकाँगचे उत्तम कॅन्टोनी आचारी होतेच, त्यांच्याशी स्पर्धा करायची, किंवा कोलकात्यात जे हातात बसलं ते करायचं. त्यांनी दुसरं केलं, आणि भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, गयानीज गिऱ्हाईक आलं. कित्येक ठिकाणी मांस हलाल असतं, त्याचं कारण हेच. ज्या मुलांचा जन्म टांगऱ्यात झाला त्यांच्यासाठी चिली चिकन हे वाढदिवसाचं जेवण होतं. त्याला परकं कसं म्हणणार? सहकारीला एवढंच सांगा की तिचं चिनी जेवण ग्वांगडोंगचं आहे आणि यांचं कोलकात्याचं.

तुमच्या प्रश्नात एक उपप्रश्न होता, घरी काय करून बघू? चिली चिकन नका करू. घरच्या शेगडीवर वोकला ती आच येत नाही, ते हॉटेलातच खा. वाफवलेला मासा करा, त्याला मोठी आच लागत नाही आणि कॅनडात मासा उत्तम मिळतो. साधारण ६०० ग्रॅमचा अख्खा मासा घ्या, दोन्ही बाजूंना चिरा द्या, पोटात आणि खाली आल्याच्या चकत्या ठेवा. पाणी खळखळून उकळल्यावरच ताटली आत ठेवा आणि झाकण लावा. आठ ते दहा मिनिटं पुरतात. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटलं की झाला. ताटलीत साचलेलं पाणी न चुकता ओतून टाका, सगळा उग्र वास त्यात असतो. वर पातीचा कांदा आणि आलं दोऱ्यासारखं चिरून पसरा, दोन चमचे तेल धूर येईपर्यंत तापवून त्यावर ओता, मग कडेने हलका सोया सॉस थोड्या गरम पाण्यात, चिमूटभर साखर घालून सोडा. सोया घेताना बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच लिहिलं आहे ना ते बघा. गडद रंगाचा घेऊ नका, तो रश्श्यासाठी असतो आणि माशाला काळा करतो. हक्का हॉटेलवाल्यांशी ओळख झाली की त्यांना खारवलेल्या मोहरीच्या पानांबद्दल विचारा. चिनी किराणा दुकानात ती पाकिटात मिळतात, पण त्यातली वाळू काढायला किती पाण्यातून धुवायची आणि किती वेळ भिजवायची, हे पाकिटागणिक बदलतं आणि ते त्यांच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही.